डावी बाजू बाबांची

विलासमामा बोटीवर नोकरीला होता. आठ-नऊ महिने समुद्रावर काढून परतला की आमच्याकडे त्याची एक चक्कर ठरलेली असे, आणि चकरेबरोबर एक पिशवी: वासाचे साबण, आईला घडीची छत्री, बाबांना दाढीची पाती. त्या वर्षी पिशवीऐवजी खोका आला. जपानातल्या कुठल्याशा बंदरावर, जुन्या सामानाच्या दुकानातून त्याने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम उचलला होता. उन्हाने पिवळा पडलेला डबा, दोन वायरी, दोन्ही हातांत धरायचा एक रिमोट आणि एकच कॅसेट. "कॅसेटवर घोडा आहे, म्हणजे शर्यत असणार," मामा म्हणाला. शर्यत नव्हती. आणि घोडा, हे पुढे कळलं, त्या सबंध खेळात दोनदाच येतो.

डब्याला जपानी वीज लागत होती, आपल्या निम्म्याहून कमी दाबाची. नाक्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने एक जड ट्रान्सफॉर्मर बांधून दिला. तो चालू असला की घरात एक घरघर भरून राहायची. चित्र आलं, पण रंग आले नाहीत. दुरुस्तीवाल्याने टीव्हीच्या मागचे स्क्रू काढले, परत लावले, आणि म्हणाला, "आपल्या टीव्हीला जपानचा रंग समजत नाय. दिसतंय ना, मग झालं." तर आमचा खेळ काळापांढराच राहिला. पडद्यावर एक छोटा माणूस, एक गाव, विहीर, दोन बकऱ्या. कुणाशी बोलायला गेलं की खाली चौकट उघडायची आणि तीत जपानी अक्षरं एकामागून एक टपटपत उमटायची. त्यातलं एकही आम्हाला वाचता येत नव्हतं.

मी नववीत होते. आम्ही नाचणे रस्त्यावर तीन खोल्यांच्या चिरेबंदी घरात भाड्याने राहत होतो. शेजारी लाकडाची वखार होती, दिवसभर करवत चाले, आणि ती थांबली की घर अचानक मोठं झाल्यासारखं वाटे. आई प्राथमिक शाळेत शिकवायची. बाबा एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. गावात त्यांना चेहऱ्याने ओळखणारे थोडे, आवाजाने ओळखणारे पुष्कळ. बाजारात भाव विचारला तरी लोक वळून बघत. "राजापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर उभी आहे" हे वाक्य ते एका श्वासात, एकही अक्षर न खाता म्हणत, आणि वेळापत्रक त्यांना बघावं लागत नसे. घरी मात्र ते बोलघेवडे होते. जेवताना दिवसभरात चुकलेल्या प्रवाशांच्या गोष्टी सांगत. चिपळूणला जायचं म्हणून लांज्याच्या गाडीत जाऊन बसलेला नवरदेव आमच्याकडे वर्षभर तरी पुरला असेल.

मामा यायच्या दोन महिने आधी, सकाळी दाढी करताना बाबांच्या हातातून वस्तरा पडला. उजवा हात, उजवा पाय, आणि वाचा. हात-पाय थोडे थोडे परत आले, वाचा आली नाही. एक शब्द तेवढा राहिला होता: "उभी". पाणी हवं असलं तर उभी, पाठीला उशी हवी असली तर उभी, माझ्यावर रागावले तर उभी. आवाज तोच होता, चढउतार तेच होते, त्यामुळे दुसऱ्या खोलीतून ऐकलं तर माणूस पूर्ण वाक्य बोलतोय असं वाटायचं. डॉक्टरांनी आईला सांगितलं की त्यांना समजतं बरंच, शब्द सापडत नाहीत. आईने मान हलवली. पण समजतं म्हणजे किती, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

लोक वाईट नव्हते. शेजारच्या बेबीकाकू रोज डोकावायच्या. "पानी हवंय काय भाऊ? नको? मंग च्या टाकू? बरं बरं, पडा तुमी." प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचंच. बाबांचे ओठ हलायला लागेपर्यंत काकू उंबऱ्याबाहेर गेलेल्या असत. आईचंही थोड्याफार फरकाने तसंच झालं होतं. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी कुळथाची पिठी आणि भात, संध्याकाळी परत पेज. तिने विचारणं सोडून दिलं होतं, कारण विचारलं की थांबावं लागे आणि तिची शाळेची वेळ होई. मीही तशीच होते. हे लिहिताना मी स्वतःला वेगळी दाखवू शकले असते, पण तसं नव्हतं.

बाबांची खाट बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर होती. शाळेतून आले की मी खाटेला टेकून जमिनीवर बसायची आणि खेळ लावायची. पंधरा-वीस दिवसांत मला त्याची रीत कळली. तुमची तीन-चार माणसं मैदानातून चालत असतात, मध्येच काही जनावरं आडवी येतात, आणि चार ओळींची एक चौकट उघडते. पहिल्या ओळीत एकच अक्षर लागोपाठ दोनदा, ती मारायची. दुसरी मंत्राची. तिसरी पिशवी उघडायची. चौथी पळून जायची. ही अक्षरं मी वहीत चित्रासारखी उतरवून समोर अर्थ लिहिले होते. आणि मुख्य म्हणजे तुम्ही ओळ निवडेपर्यंत समोरचं जनावर काहीही करत नाही. जागच्या जागी डुलत राहतं. तुम्ही जाऊन जेवून या, वीज गेली नाही तर ते तिथेच असतं.

एकदा मी कोकमचं सरबत करायला आत गेले आणि रिमोट खाटेवर राहिला. परत आले तर बाबांचा डावा अंगठा त्याच्या डाव्या बाजूच्या बटणावर होता आणि पडद्यावरचा बाण ओळींवरून वरखाली जात होता. तो तिसऱ्या ओळीवर थांबला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. 'हो' म्हणायचं बटण रिमोटच्या उजव्या टोकाला होतं, तिथवर त्यांचा हात पोचत नव्हता. मी ते दाबलं. पिशवी उघडली.

त्या दिवसापासून आम्ही एक रिमोट दोघांनी धरायला लागलो. लढाईत डावी बाजू बाबांची, उजवी माझी; नुसतं चालायचं असलं की रिमोट माझ्याकडे. ते ओळ निवडायचे, मान हलवायचे, मी दाबायची. एकेका निवडीला कधी मिनिट लागे, कधी तीन. बाण दुसऱ्या ओळीवर जाई, थांबे, परत पहिलीवर येई. सुरुवातीला मला चीड यायची. मग सवय झाली, आणि एप्रिलपर्यंत त्या थांबण्यात मी गृहपाठाची गणितं सोडवायला लागले. बाबा आधी प्रत्येकाची पिशवी तपासत, मग जखमी माणसाला औषध देत, मगच मारामारी. चौथी ओळ त्यांनी माझ्या आठवणीत एकदाही निवडली नाही. गोष्ट आम्हाला कळत नव्हती म्हणून मीच ती रचून मोठ्याने सांगायची: हा राजा चांगला आहे, ही पांढऱ्या केसांची विधवा आहे, हा जाडा तिचा दीर.

त्या खेळात एक नदी होती आणि तीवर एक तर, माणसांना पलीकडे नेणारी होडी. तरीची घंटा किंवा पाटी नव्हती. मी बंदरावर नुसती उभी राहून कंटाळायची आणि गावात परत जायची, की नेमकी ती येऊन निघून जायची. बाबांनी दोन दिवस ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी मी गावाकडे वळणार तोच त्यांनी रिमोटवर हात ठेवून माणसाला जागीच थांबवलं, आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर एका लयीत टेकवत राहिले. मग मान वर करून नदीकडे बोट दाखवलं. तर आली. दुसऱ्या वेळी तसंच. तिसऱ्या वेळी मी स्वयंपाकघरातल्या आईला हाक मारली. आई बांगडे साफ करत होती, ती तशीच माशाच्या हाताने बाहेर आली. बाबांची बोटं चालू होती. त्यांनी बोट दाखवलं, तर आली. पदराला हात पुसायचे नसतात हे मला सतत सांगणाऱ्या माझ्या आईने पदराला हात पुसले आणि ती खाटेच्या कडेला बसली. माणूस आत अख्खा आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

मे महिन्यात आप्पाकाका मुंबईहून आले. बाबांचे थोरले भाऊ. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, त्यामुळे ते आता रात्र एसटीत न काढता ताजेतवाने येत आणि पहिला अर्धा तास गाडीचं कौतुक करत. जेवणात फणसाची भाजी होती. हात धुऊन काका बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मी चौकशी केलीय. आमच्याकडे एका इस्पितळात बोलायला शिकवतात अशा लोकांना. रोज जावं लागतं. घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. इथे काय होणार त्याचं?"

"मला येऊन राहता येणार नाही, भावोजी," आई म्हणाली. "शाळा आहे. मंजूची दहावी आहे."

"तू नको येऊ. तुझ्या जाऊबाई आहेत की घरात."

"ह्यांना इथली सवय झालीय. इथे त्यांचं कळतं आम्हाला. तिथे कोण बसणार त्यांच्यापाशी?"

"मग काय, असंच खाटेवर पडू द्यायचं?"

हे सगळं बाबांच्या खाटेपासून हातभर अंतरावर चाललं होतं. बाबा एकदा ह्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. मी म्हणाले, "बाबांना विचारा ना."

काका माझ्याकडे वळले. आवाज मऊ होता. "त्याला काय विचारायचं, बाय? त्याला कळतंय काय?"

"कळतं," मी म्हणाले. "थांबायला लागतं फक्त."

मी आईची जुनी पाटी आणली. तिच्यावर चार ओळी लिहिल्या, एकाखाली एक, चौकट आखून: मुंबई, इथेच, नंतर, माहीत नाही. पाटी बाबांच्या मांडीवर ठेवली. मला उत्तर माहीत होतं. मी हे विचारायला म्हणून करत नव्हते, काकांना दाखवायला करत होते. चार महिने संध्याकाळ-संध्याकाळ एक रिमोट धरून बसलेल्या माणसाला मला सोडून कुठे जायचं असेल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

बाबांचं बोट पाटीच्या कडेवर टेकलं. काकांनी खाकरून बोलायला तोंड उघडलं, आईने हाताने त्यांना थांबवलं. वखारीची करवत चालू होती. बोट दुसऱ्या ओळीवर आलं. 'इथेच'. तिथे थांबलं.

मी पाटी उचलली. "बघा," मी काकांना म्हणाले, "इथेच म्हणतात."

बाबांनी मान हलवली नव्हती. हे मला माहीत होतं. बाण ओळीवर थांबणं आणि ओळ निवडणं यांतला फरक त्या घरात माझ्याइतका कुणालाच माहीत नव्हता. बाबांचा डावा हात माझ्या मनगटावर जोरात आपटला. "उभी!" ते ओरडले. "उभी! उभी!" स्टँडवरचा आवाज होता तो. बेबीकाकू धावत दारात आल्या. आईने माझ्या हातातून पाटी घेतली, पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "सावकाश सांगा. कुणी घाई नाही करणार."

बोट पुन्हा दुसऱ्या ओळीवर गेलं. बराच वेळ तिथे राहिलं. मग वर सरकलं, पहिल्या ओळीवर आलं, आणि बाबांनी आईकडे बघून मान हलवली. दोनदा.

चार दिवसांनी ते काकांबरोबर गेले. स्टेशनवर मी त्यांची पिशवी धरली होती. काका आणि हमाल मिळून त्यांना डब्यात चढवत होते, तेव्हा त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं की नाही हे मला आठवत नाही. मी जमिनीकडे बघत होते.

पावसाळ्यात मी तो खेळ एकटीने संपवला. रिमोट दोन्ही हातांत धरल्यावर तो फारच हलका वाटला. बाबांमुळे दहा मिनिटं चालणारी लढाई अर्ध्या मिनिटात व्हायची. शेवटी काळं आकाश पांढरं झालं, अक्षरांच्या ओळी खालून वर गेल्या, एक धून वाजली आणि पडदा थांबला. मी डबा बंद करून खोक्यात भरला आणि भूमितीच्या वहीकडे वळले.

आता तो खेळ कंपनीने नव्याने बाजारात आणलाय. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, मॅडम, हे जुने जपानी खेळ लोक एवढे डोक्यावर घेतात, खरंच खेळावेत का, की नवीन आवृत्तीच घ्यावी? मी नवीन घेऊन पाहिली. आता रंग आहेत, इंग्रजी आहे, माणसं तोंडाने बोलतात. चाळिशी उलटल्यावर मला कळलं की आमचा चांगला राजा पहिल्या भेटीपासून खोटं बोलत होता, आणि पांढऱ्या केसांची विधवा ही सोनेरी केसांची सोळा वर्षांची मुलगी होती. जाड्याचं आणि तिचं काही नातंच नव्हतं. गोष्ट बरी आहे, माझ्या गोष्टीपेक्षा बरी आहे. पण लढाई बदललीय. चौकट उघडते तेव्हा समोरचं जनावर आता डुलत थांबत नाही, तुम्ही विचार करत असतानाच अंगावर येतं. नदीवरची ती तर आता नकाशावर बोट ठेवलं की पलीकडे पोचवते, वाट बघावी लागत नाही. लोकांची तक्रार होती म्हणे की जुना खेळ फार थांबवून ठेवायचा.

तक्रार खोटी नाही. जुना खेळ निम्म्याहून जास्त वेळ तेच तेच करायला लावतो. त्याच मैदानातून फिरा, तीच जनावरं मारा, अजून थोडे बलवान व्हा, मग पुढचं गाव. ज्याला घरी-दारी कामं आहेत त्याने ते का करावं? मी त्या मुलीला सांगितलं, तुला गोष्ट हवी असेल तर नवीन घे. वेळ असेल आणि शेजारी कुणी बसणारं असेल तर जुना. तिने नवीन घेतला. मीसुद्धा तिच्या वयात तोच घेतला असता.

बाबा पुढच्या एप्रिलमध्ये परत आले. माझी परीक्षा संपली होती. काठी घेऊन, पण स्वतःच्या पायांनी ते घरात आले आणि खाटेवर न बसता खुर्चीवर बसले. शब्द आले होते. सगळे नाही, आणि जे आले होते ते एकेक करून, मधे बरीच मोकळी जागा ठेवून. स्टँडवरची नोकरी त्यांना परत करता आली नाही. ते पुढे एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले आणि त्या कामात ते चांगले होते.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी आईने चहा ठेवला होता. मी कपाटावरून खोका काढला आणि विचारलं, "लावू?" त्या पाटीच्या दिवसाबद्दल मी तोवर एक अक्षर बोलले नव्हते.

बाबांनी खोक्याकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले.

"का?"

"कंटाळा... यायचा."

"मला वाटलं तुम्हाला आवडायचा."

त्यांनी डोकं नकारार्थी हलवलं, मग माझ्याकडे बोट केलं, मग खाटेजवळच्या जमिनीकडे, जिथे मी बसायची. मला समजलं. मी खोका खाली ठेवला आणि जे विचारायचं होतं ते विचारलं. "मग मुंबईला का गेलात?"

बराच वेळ गेला. "मला," बाबा म्हणाले, "बोलायचं... होतं."

मी मान हलवली. सांगायचं ते त्यांनी सांगितलं होतं आणि त्यात माझ्याविरुद्ध काही नव्हतं. माझ्याबद्दलच काही नव्हतं. एवढी साधी गोष्ट मला वर्षभर दिसली नव्हती. आईने चहाचे कप आणून ठेवले. बाबांचा चेहरा एकदम उजळला, जेवताना नवरदेवाची गोष्ट सांगायच्या आधी उजळायचा तसा.

"तिथे," ते म्हणाले, "शेजारी... एक... वकील."

"शिकायला यायचा? तुमच्यासारखाच?"

"हो. वाचा... गेलेली. त्याची... सगळी... गेली. फक्त..." ते थांबले. उजव्या हाताची बोटं हवेत काहीतरी पकडायला बघत होती. ओठ जुळले, सुटले. "फक्त... एवढ्याच... राहिल्या..."

आई रिकामा ट्रे घेऊन दारात थांबली होती. बाबांच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं, त्यामुळे पुढचा शब्द काय असणार हे आम्हा दोघींना केव्हाच कळलं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. बाहेर करवत थांबली. चहावर साय धरली.

"शिव्या," बाबा म्हणाले.